पत्र लिहायला पाणी किती लागते?

वाशिम जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या मित्राला दहावीच्या वर्गात एक प्रश्न आला. विचारणाऱ्या मुलाचे वडील कृषी सेवा केंद्र चालवतात. दुकानाची पत्रे, गिऱ्हाइकांना धाडायचे निरोप, बियाणे कंपनीला लिहायच्या तक्रारी, हे सारे आता तो मुलगाच मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, म्हणजे सगळेजण ज्याला एआय म्हणतात त्याच्याकडून, लिहून घेतो. त्याने कुठेतरी वाचले की असे एक पत्र लिहून घेतले की अर्धा लिटर पाणी खर्च होते. गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्यामुळे त्याला ते लागले. "सर, हे खरे असेल तर मी हे बंद करू का?"

मित्राने तो प्रश्न आमच्याकडे पाठवला. उत्तर शोधायला बसलो तेव्हा लक्षात आले की मुलाने विचारले पाण्याबद्दल, पण खरा हिशेब पाण्यावर संपतच नाही. तरी सुरुवात पाण्यापासूनच करू.

अर्धा लिटरचा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०२३ साली अंदाज मांडला होता की त्या वेळच्या एका मॉडेलकडून मध्यम लांबीची १० ते ५० उत्तरे घेतली की सुमारे अर्धा लिटर पाणी लागते. पुढच्या वर्षी त्यांच्याच मदतीने वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाने शंभर शब्दांच्या एका ई-मेलचा हिशेब केला. तो ५१९ मिलिलिटर निघाला. आपल्या मुलाने वाचला तो हाच आकडा. २०२५ मध्ये मात्र गूगलने सांगितले की त्यांच्या जेमिनीला विचारलेल्या मध्यम प्रतीच्या एका लेखी प्रश्नाला ०.२६ मिलिलिटर, म्हणजे साधारण पाच थेंब पाणी लागते. ओपनएआयच्या प्रमुखांनी दिलेला आकडाही त्याच्याच आसपासचा आहे. आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या मिस्त्राल या कंपनीने आपल्या एका मोठ्या मॉडेलच्या पानभर उत्तराला ४५ मिलिलिटर लागतात असे जाहीर केले.

पाच थेंब, नऊ चमचे की अर्धा लिटर? दोन टोकांत सुमारे दोन हजार पटींचा फरक आहे. विद्यार्थी म्हणतील, यांतला कोणीतरी खोटे बोलतो. तसे म्हणण्याची गरज नाही. विहिरीचे पाणी मोजायला गेलेल्या तिघांपैकी एकाने घागर मोजली, दुसऱ्याने मोट मोजली आणि तिसऱ्याने वाटेत सांडलेलेही धरले, तर तिघांचे आकडे वेगळेच येणार.

पाणी जाते कुठे ते पाहिले की हे उलगडते. आपण मोबाइलवर दोन ओळी टाइप करतो. त्या गावच्या टॉवरवरून निघून एखाद्या डेटा सेंटरमध्ये पोचतात. डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणकांनी भरलेली इमारत. आपल्या देशातला त्यांचा सर्वांत मोठा पुंजका मुंबई-नवी मुंबईत आहे. पण उत्तर देणारे यंत्र परदेशातही असू शकते. हे संगणक भयंकर तापतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी पाण्याचे बाष्पीभवन करतात. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते, तेच हे तत्त्व. फरक एवढाच की इथे गार झालेले पाणी कोणी पीत नाही आणि उडून गेलेले परत येत नाही. हा झाला पाण्याचा पहिला खर्च. कंपन्यांचे लहान आकडे बहुधा एवढाच खर्च धरतात.

दुसरा खर्च वीजकेंद्रात होतो. आपल्याला जवळचे उदाहरण शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पारसचे. तिथे २५० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचे आणि ती वाफ पुन्हा थंड करायची, यात पाणी उडतेच. केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या औष्णिक केंद्रांना घालून दिलेली मर्यादा एका युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. देशातली सारी प्रादेशिक जाळी २०१३ च्या अखेरीस एकमेकांना जोडली गेली. तेव्हापासून वाशिमचा दिवा आणि ऐरोलीचा संगणक एकाच तळ्यातून वीज घेतात असे म्हणायला हरकत नाही.

आता आपणच गणित करू. एका साध्या लेखी उत्तराला किती वीज लागते? पूर्वी ३ वॉट-तास म्हणत. २०२५ मधले अंदाज ०.२४ ते ०.३४ वॉट-तास असे आहेत. आपण ०.३ धरू. नऊ वॉटचा एलईडी दिवा दोन मिनिटे लावला की एवढीच वीज जाते. एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. तेव्हा एका युनिटात तीन हजारांहून अधिक उत्तरे. सगळी वीज कोळशाची धरली तर एका उत्तरामागे वीजकेंद्रात सुमारे १ मिलिलिटर पाणी जाते, म्हणजे डेटा सेंटरमध्ये उडाले त्याच्या तिप्पट-चौपट. आणि आपल्या जाळ्यातल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबाने एका उत्तरामागे ०.२ ग्रॅम.

चमचाभरही पाणी नाही. मुलाला एवढे सांगून प्रश्न मिटवता आला असता. पण हा आकडा साध्या, छोट्या, लेखी उत्तराचा आहे. लांबलचक कागदपत्र वाचायला दिले, किंवा टप्प्याटप्प्याने विचार करून उत्तर देणारे मॉडेल वापरले, की खर्च कित्येक पटींनी वाढतो. चलच्चित्राचे तर विचारूच नका. २०२५ मध्ये एका खुल्या मॉडेलवर झालेल्या मोजणीत पाच सेकंदांचे चित्रण तयार करायला ३४ लाख ज्यूल ऊर्जा लागली. ३६ लाख ज्यूल म्हणजे एक युनिट, हे नववीचे विद्यार्थी जाणतात. दिवाळीला नुसत्या शुभेच्छा लिहून पाठवणे आणि दुकानाच्या नावाचा दिवा फिरत येतो असे पाच सेकंदांचे चित्रण बनवून घेणे, यांत तीन हजार पटींचा फरक आहे. दोन्हींसाठी बोट मात्र एकदाच टेकवावे लागते.

मराठीपुरती आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही यंत्रे शब्द जसेच्या तसे वाचत नाहीत. ते त्यांचे तुकडे करतात आणि तुकड्यागणिक आकडेमोड करतात. जितके तुकडे जास्त, तितके काम जास्त. हे तुकडे पाडण्याचे साचे मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडवलेले असल्यामुळे देवनागरीचे फार बारीक तुकडे पडत. ओपनएआयने मे २०२४ मध्ये स्वतःच दिलेले उदाहरण पाहा. एका नमुना मजकुराचे इंग्रजीत २७ तुकडे पडत होते, तर त्याच अर्थाच्या मराठी मजकुराचे ९६. नव्या साच्यात ते अनुक्रमे २४ आणि ३३ झाले. म्हणजे तोवर मराठीत पत्र मागणाऱ्याला तोच मजकूर इंग्रजीत मागणाऱ्याच्या साडेतीन पट काम यंत्राकडून करून घ्यावे लागे. केवळ साचा सुधारल्याने हे काम जवळजवळ एक-तृतीयांशावर आले. आपल्या भाषेकडे लक्ष पुरवण्याने वीजही वाचते, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकांनीही वर्गात सांगण्याजोगी आहे.

जमेची बाजू

एआयमुळे कागद वाचतो असे पुष्कळदा सांगतात. कागदाचा खर्च खरोखरच मोठा आहे. ए-४ आकाराचा एक ताव सुमारे ५ ग्रॅमचा. एक किलो कागद बनवायला ढोबळमानाने पाच ते दहा युनिट ऊर्जा लागते, म्हणजे एका तावाला २५ ते ५० वॉट-तास. एआयच्या शंभर-दीडशे उत्तरांएवढा खर्च एका कोऱ्या कागदात आधीच होऊन गेलेला असतो. तरीही हे श्रेय एआयला देता येत नाही. दुकानदाराने छापील पत्रक सोडून मोबाइलवर निरोप धाडायला सुरुवात केली ती एआय येण्याच्या कितीतरी आधी. उलट, एआयने सुबक पत्र लिहून दिले म्हणून ते छापून फाइलला लावायचा मोह झाला, तर जमेचे नावेच पडते.

संगणकाचा वेळ वाचतो, हा दुसरा दावा. शंभर वॉटच्या संगणकावर अर्धा तास पत्र लिहीत बसलो तर ५० वॉट-तास गेले. एआयने ते दोन मिनिटांत झाले. पण उरलेली अठ्ठावीस मिनिटे संगणक बंद करतो कोण?

प्रवासाचे मात्र तसे नाही. समजा, रिसोड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला दुकानात हवे ते बियाणे आले आहे का, एवढेच विचारायला वीस किलोमीटर यावे लागते. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देते असे धरले तर ०.८ लिटर पेट्रोल, आणि लिटरमागे २.३ किलो या दराने १.८ किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड. त्याच्या प्रश्नाला त्याच्या बोलीत, तत्काळ आणि बरोबर उत्तर मिळून ही एक खेप वाचली, तर एआयच्या सुमारे नऊ हजार उत्तरांचा धूर भरून निघतो. हे काम पूर्वीही फोनवर होत असे. पण पेरणीच्या दिवसांत दुकानाचा फोन उचलायला कोणाला सवड असते? एकाच वेळी दोनशे जणांना उत्तर देणे, मराठी समजणाऱ्याला मराठीत आणि जमल्यास मानोऱ्याकडच्या बंजारा गिऱ्हाइकाला गोरबोलीत देणे, हे नवे आहे. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ च्या खरिपाच्या तोंडावर 'महाविस्तार' हे एआयवर चालणारे मराठी ॲप आणले आणि त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळाने 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले, त्यामागची अपेक्षाही अशीच आहे.

पिवळ्या सोयाबीनचे दोन निरोप

वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. कारंज्याच्या बाजारात दिवाळीच्या आसपास उभे राहिले की हे सांगावे लागत नाही. समजा, ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला आणि सोयाबीन पिवळे पडू लागले. दोन दुकानदारांनी एआयकडून निरोप लिहून घेतले.

पहिला असा: पीक पिवळे पडण्याची कारणे अनेक असतात. रानात पाणी साचले आहे का पाहा, चर काढून ते बाहेर काढा. घाईने युरिया टाकू नका. कृषी सहायकांना पान दाखवा.

दुसरा असा: पीक पिवळे पडतेय? वेळ घालवू नका. आजच या, युरिया आणि टॉनिक एकत्र घ्या, सवलत मिळवा.

दोन्हींना वीज सारखीच लागली, ०.३ वॉट-तास. पाणीही सारखेच. एआयच्या पर्यावरणीय खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात हे दोन निरोप एकाच रकान्यात बसतील. आता दुसरा निरोप वाचून एखाद्याने युरियाची एक गोणी जादा नेली असे धरू. गोणी ४५ किलोची. एक टन युरिया बनवायला आपल्या कारखान्यांत साधारण ६० लाख किलोकॅलरी ऊर्जा लागते. तेव्हा एका गोणीत २ लाख ७० हजार किलोकॅलरी, म्हणजे ३०० युनिटांहून अधिक उष्णता. औष्णिक केंद्रात एक युनिट विजेला सुमारे तीन युनिट उष्णता लागते हे लक्षात घेऊन तीनने भागले तरी १०० युनिट वीज होते. तेवढ्या विजेत एआयकडून तीन लाखांहून अधिक निरोप लिहून घेता आले असते.

हे झाले नुसते कारखान्याचे. शेतात पडलेल्या जादा नत्रातून नायट्रस ऑक्साइड वायू निघतो, काही नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. आणि सोयाबीन तर द्विदल पीक. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र घेऊन त्याची बरीचशी गरज भागवतात. हा आठवी-नववीचाच धडा आहे. जादा युरियाने झाड नुसते पाल्याने माजते.

आम्हांला या सगळ्या हिशेबात हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. निरोप लिहायला काय लागले याच्यापेक्षा निरोप वाचून माणसाने काय केले, याचा आकडा हजारो पटींनी मोठा असतो. व्यापारी पत्रव्यवहाराचा हेतूच मुळी समोरच्याकडून काही करून घेणे हा आहे. त्यामुळे एआय जितके गोड आणि पटेलसे लिहील, तितका हा आकडा वाढेल, कधी जमेकडे तर कधी नावेकडे.

चुकीचाही विचार करायला हवा. ही यंत्रे ठाम सुरात चुकीचे लिहू शकतात. पिवळेपणा पाणी साचल्याने आहे, लोहाच्या कमतरतेने आहे, की पांढऱ्या माशीने पसरवलेल्या मोझॅक विषाणूमुळे आहे, हे पान न पाहता सांगणे अवघडच. पण विचारले तर यंत्र सांगून मोकळे होते. औषधाच्या मात्रेत दशांशचिन्ह एक घर सरकले तर? शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याचा एआयशी काही संबंध नव्हता. पण कीटकनाशकाबद्दलचा मजकूर हा दिवाळीच्या शुभेच्छांसारखा न वाचता धाडायचा मजकूर नव्हे, हे कळायला ती आठवण पुरे. पिशवीवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिल्याशिवाय तो दुकानातून बाहेर पडता कामा नये.

स्वस्त झाले की वाढते

साठ वॉटचा बल्ब जाऊन नऊ वॉटचा एलईडी आला तेव्हा घराघरांत काय झाले ते आठवा. वीज वाचली हे खरे. पण मग एक दिवा गोठ्यात लागला, एक अंगणात, आणि एक रात्रभर देवघरात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनले जेव्हन्स याने १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहिले होते: वाफेची इंजिने काटकसरी होत गेली तसा कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला.

पत्रांचे तसेच होते आहे. पाचशे गिऱ्हाइके असलेला दुकानदार पूर्वी वर्षातून चार निरोप पाठवी. आता प्रत्येकाच्या नावाने वेगळा निरोप रोज लिहवून घेता येतो. तसे केले तर वर्षाला १,८२,५०० निरोप आणि सुमारे ५५ युनिट वीज, म्हणजे ३८ किलो कार्बन डायऑक्साइड. मोटारसायकलच्या एकवीस खेपा वाचल्या की हा खर्च फिटतो, तेव्हा घाबरण्यासारखे काही नाही. मात्र याच पाचशे जणांसाठी, नावानिशी, पाच सेकंदांचे दिवाळीचे चित्रण मघाच्या दराने बनवून घेतले, तर एका सणात ४७० युनिट गेले. पाच-सहा महिने काही घरांचे बिल एवढ्यात भागते.

आणि दुकाने एक-दोन नाहीत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या साऱ्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या विजेच्या ती दीड टक्का भरते. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांवर, म्हणजे आज भारतात वर्षाला होणाऱ्या वीजनिर्मितीच्या निम्म्यावर जाईल असा त्यांचा अंदाज आहे. यात एआयखेरीज इतर कामेही आली, पण वाढीचा मोठा वाटा एआयचा. शिवाय मॉडेल शिकवून तयार करण्याचा खर्च निराळा. २०२० च्या जीपीटी-३ ला त्यासाठी सुमारे १२ लाख ८७ हजार युनिट लागले होते. महिना शंभर युनिट वापरणाऱ्या हजारभर घरांची ती वर्षाची वीज. नंतरची मॉडेले याहून कितीतरी मोठी आहेत, आणि त्यांचे आकडे सांगायला कंपन्या फारशा उत्सुक नसतात.

यातला पारसचा धूर आणि राख पारसच्या वाट्याला येते, वणी-चंद्रपूरच्या खाणींची धूळ तिथल्या लोकांच्या. निरोप मात्र रिसोडला वाचला जातो. म्हणून खर्च करणाऱ्याला तो दिसत नाही.

त्या मुलाला आम्ही कळवले ते असे. पत्र लिहवून घेणे बंद करण्याची गरज नाही. चित्रण शक्यतो बनवू नको. औषधाच्या मात्रेचा निरोप वडिलांनी वाचल्याशिवाय पाठवू नको. आणि एक काम दिले. दुकानातून महिनाभरात गेलेले सारे निरोप एका वहीत उतरव. प्रत्येकापुढे तीन रकाने कर: कोणाची खेप वाचली, कोणी काय जादा विकत नेले, आणि कोणी वाचलेच नाही. शेवटचा रकाना भरण्यासाठी आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात बसून आलेल्या गिऱ्हाइकांना विचारावे लागेल.

शिक्षकांना हाच उपक्रम वर्गात करता येईल. घरच्या मोबाइलवर आठवडाभरात आलेले व्यापारी निरोप मुलांनी मोजून आणावेत. एआयने लिहिलेला कोणता आणि माणसाने कोणता हे ओळखायला सांगू नये. ते आता मोठ्यांनाही जमत नाही. निरोप किती आले आणि त्यांतल्या किती निरोपांमुळे घरात कोणी काही केले, एवढेच दोन आकडे फळ्यावर मांडावेत. मग युनिटांचा गुणाकार करायला बीजगणिताच्या तासाची सुद्धा गरज पडत नाही. आमच्या मित्राच्या वर्गात हा तक्ता पोळ्यानंतर तयार होणार आहे.